कंडरेची रजा

माणूस डोक्यामुळे मोठा होतो असा एक गैरसमज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तो उभा असतो टाचांमुळे. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते अशी जी जाड दोरी असते तिला कंडरा म्हणतात. पोटरी ओढते, कंडरा टाच उचलते आणि माणूस कामावर जातो. ती तुटली की माणूस घरी बसतो. माणसं अशी घरी बसू लागली तर देशाचं काय होईल, ही काळजी ज्यांना सर्वात आधी वाटली त्यांनी आमची ताकेमोरी कंडरा पुनर्निर्मिती संस्था काढली. मी तिथे सामान्य प्रशासन विभागाचा प्रमुख आहे. (सामान्य म्हणजे ज्याची जबाबदारी दुसरं कुणी घेत नाही ते सगळं.)

आमच्या गावात कंडरा तुटण्याचं मुख्य कारण म्हणजे वडिलांची शर्यत. शरद ऋतूत प्राथमिक शाळेचा क्रीडादिन असतो, त्यात ही शर्यत असते. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस नवे बूट घालून येतो, लेकरांच्या देखत एकदम धावत सुटतो, आणि मागून कुणीतरी काठी हाणली असं त्याला वाटतं. तो वळून बघतो तर मागे कुणीच नसतं. (शेवटचा तोच असतो.) संस्थेला लागणारे रुग्ण या एका उपक्रमातून नियमितपणे मिळत असल्याने आम्ही शाळेला दर वर्षी पाण्याचं पिंप आणि दोन तंबू देतो.

आमच्या लेखा विभागातले इसोझाकी असेच पडले. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी काढलेले उद्गार संस्थेत आजही आदराने सांगितले जातात. "माफ करा हं, मी जरा वाटेत आलोय," असं ते म्हणाले. इस्पितळात त्यांची मुलगी कोझुए पाचवीच्या गणवेशातच त्यांच्या उशाशी बसली होती. मी फळांची टोपली घेऊन गेलो होतो, त्यामुळे पुढचं संभाषण माझ्यासमोर झालं.

"बाबा, पुढच्या वर्षी सहावी, माझं या शाळेतलं शेवटचं वर्ष."

"ठाऊक आहे गं. पुढच्या वर्षी पहिला येऊन दाखवतो."

"पहिला नको येऊस. शर्यत पुरी कर आणि मग बसून माझ्याबरोबर डबा खा. दर वर्षी पळालास की थेट ऑफिसात जातोस तू."

"अगं, रविवारीही साहेब असतात तिथे."

"ते का असतात?"

इसोझाकी माझ्याकडे बघायला लागले. साहेब का असतात या प्रश्नाचं उत्तर सामान्य प्रशासनाच्या कक्षेत येत नाही, म्हणून मी टोपलीतलं एक पेअर सोलायला घेतलं.

तुटलेली कंडरा दुरुस्त करण्याचे मार्ग तीन. पहिला, टाके घालणे. इसोझाकींच्या कंडरेची टोकं जुन्या केरसुणीसारखी पिंजली होती, टाके धरेनात. दुसरा, शरीराच्या दुसऱ्या भागातली कंडरा काढून इथे लावणे. म्हणजे एका विभागातला माणूस दुसरीकडे बदलायचा आणि मग पहिल्या विभागाच्या नावाने रडत बसायचं. हे आम्ही प्रशासनात पुष्कळ केलेलं असल्याने त्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. तिसरा मार्ग आमच्या संस्थेचा, म्हणजे नवीन भरती. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या, रेशमाच्या बारीक वेणीवर पेरायच्या, गुलाबी पोषक द्रवात ठेवायच्या आणि वेणी दोन्ही टोकांनी चिमट्यात धरून यंत्राने ओढायची, सोडायची, ओढायची, सोडायची. ओढ बसली की पेशींना कळतं की आपला जन्म कशासाठी आहे, आणि त्या निमूट एका रांगेत उभ्या राहतात. रेशीम हळूहळू विरघळून जातं, मागे कंडरा उरते. आमच्याकडे नव्या माणसाला कामाला लावण्याची पद्धतही साधारण हीच.

हे सगळं डॉ. मिझोगुची बघतात. बाई हुशार, पण एक खोड आहे, ऐन बैठकीत खरं बोलतात. त्या म्हणाल्या, "कंडरेला ओढ लागते तितकीच विश्रांती लागते. ओढलं की धागे झिजतात, स्वस्थ ठेवलं की भरून येतात. यंत्राला 'विश्रांती' असं बटण आहे. संध्याकाळी ते दाबून घरी जायचं, एवढंच आहे."

एवढंच. बाईंना बोलायला काय जातं.

कारण आमच्याकडे संचालक प्राध्यापक शिरोगाने यांच्या खोलीत दिवा असेपर्यंत कुणी घरी जात नाही. असा नियम नाही. नियम उलट असा आहे की साडेपाचला सर्वांनी घरी जावं. तो मीच दर बुधवारी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवतो आणि सगळे मान हलवून परत कामाला लागतात. आता, माणसं काम करताहेत आणि तेवढ्यात यंत्राने विश्रांती घ्यायची, हे कसं दिसेल? तेव्हा यंत्रही चालू राहायचं. आणि संचालक तरी का थांबायचे? तर समोरच्या प्रयोगशाळेत यंत्र चालू, माणसं खपताहेत, आपण कसं निघायचं, म्हणून. अशा रीतीने संस्थेत एकमेकांविषयीचा आदर रोज संध्याकाळी साडेपाचपासून वाढत जायचा, आणि पहिली कंडरा तुटली.

उपाय मी शोधला. मोठेपणा सांगत नाही, तो उपाय माझाच. विश्रांती म्हणजे रजा. रजा कोणाला मिळते? कर्मचाऱ्याला. मग दुसऱ्या कंडरेला कर्मचारीच करून घ्यायचं. एक एप्रिलला, जेव्हा देशभर नवी माणसं कामावर रुजू होतात तेव्हा, तिलाही 'कनिष्ठ सहायक (प्रायोगिक)' म्हणून रुजू करून घेतलं. ओळखपत्राच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत अशी अट आहे, ती संचालकांच्या विशेष अधिकारात शिथिल केली. साकुराच्या फुललेल्या झाडांखालच्या सहलीत निळ्या ताडपत्रीवर तिची गुलाबी द्रवाची बरणी मध्यभागी ठेवली होती. नव्या माणसाने गाणं म्हणायचं असतं, त्याऐवजी डॉ. मिझोगुचींनी बरणी दोनदा हलवली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी कंडरेच्या वतीने रजा मागितली. उपसंचालक हातानो यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रुजू होऊन किती दिवस झाले हिला?"

"साहेब, तिला कामावर घेतलंच रजा देता यावी म्हणून."

"तसं नाही हो. हक्क आहे तिचा, नाही कोण म्हणतंय? पण पहिल्याच महिन्यात? जुने लोक काय म्हणतील? मी रुजू झालो त्या वर्षी माझ्या लग्नालासुद्धा दुपारनंतर गेलो होतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पण माझ्या लग्नाला दुपारनंतरच गेलो होतो, त्यामुळे मी तो अर्ज फाईलला लावला.

कंडरेने तक्रार केली नाही. कुणी घरची गाडी गाठायला उठलं तरी ती यंत्रात ओढ सोसत राहायची. तिच्याकडे बोट दाखवून विभागप्रमुख नव्या पोरांना सांगायचे, "बघा, बघा, शिका काहीतरी." पावसाळ्याच्या तोंडाला तीही तुटली. आमच्या आवारात प्रयोगातल्या उंदीर-सशांसाठी एक स्मृतिशिळा आहे, तिथे तिचा विधी केला. भटजींनी मंत्र म्हटले. "तिने शेवटपर्यंत रजेचा एक दिवसही घेतला नाही," असं संचालकांनी चष्मा पुसत सांगितलं. हातानोंनी तिला मरणोत्तर एक पायरी बढती दिली. मागच्या रांगेत कुबड्यांवर उभे असलेले इसोझाकी हमसाहमशी रडत होते. (पेशी त्यांच्याच होत्या.) आधी वाकणं बरं दिसत नाही म्हणून सगळे एकमेकांसाठी थांबले आणि उदबत्त्या विझल्या.

तिच्या रिकाम्या जागेवर रुजू करून घेतलेल्या तिसऱ्या कंडरेचं नशीब वेगळं निघालं, कारण ती चिमट्यात असताना मोठं वादळ आलं.

रेल्वेने आदल्या दिवशीच सांगून टाकलं की दुपारनंतर गाड्या बंद. मग गावच्या कचेरीतून भोंगा वाजला, सर्वांनी तत्काळ घरी जावं. आमच्या संस्थेच्या इतिहासात प्रथमच आधी कोणी निघायचं हा प्रश्न निकालात निघाला. संचालकांसह सगळे एकाच क्षणी उठले आणि एकाच क्षणी दारात पोचले. दोघं-तिघं चौकटीत अडकले, पण तेही सारख्याच दर्जाचे होते. सर्वात मागे राहिलेल्या डॉ. मिझोगुचींनी 'विश्रांती' हे बटण दाबलं. खोलीत कुणी नव्हतं, त्यामुळे ते कुणाला वाईट दिसलं नाही.

वादळ दोन दिवस गावावर बसून राहिलं. परत आलो तर कंडरा पांढरीशुभ्र, चकचकीत, तारेसारखी ताठ. यंत्राने ओढून पाहिली, यंत्राचा काटा थरथरला, कंडरा हलली नाही. मला आनंद झाला म्हणजे किती सांगू, मी डॉ. मिझोगुचींचा हात हातात घेतला आणि मग तो कुठे ठेवावा हे कळेना. हातानोसाहेब खिडकीशी जाऊन एकटेच हसत होते. इसोझाकींना खाली लेखा विभागात निरोप गेला, तेव्हा ते कुबड्या विसरून उठले आणि पुन्हा खुर्चीत पडले.

आता अनुदान देणाऱ्या मंत्रालयाला या यशाचं कारण कळवणं आलं. "विश्रांती," बाई म्हणाल्या.

"ते बरोबर आहे," हातानो म्हणाले, "पण ते लिहायचं कसं? मंत्रालय विचारेल, विश्रांतीच द्यायची होती तर एवढी यंत्रं कशाला घेतली? उद्या विचारतील, माणसं तरी कशाला घेतली? दुसरं काय काय होतं त्या दोन दिवसांत?"

"वारा होता, साहेब," मी म्हणालो. मला जे आठवलं ते बोललो.

त्यानुसार प्रयोगशाळेत पुरुषभर उंचीचे चार पंखे बसवले. 'वादळी वातावरणात कंडरावर्धन' हा आमचा अहवाल पुष्कळ गाजला. पंखे चालवायला माणसं लागतात, तेव्हा सगळे संध्याकाळी उशिरापर्यंत रेनकोट घालून थांबू लागले. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाला नदीतला एकेक गोटा दिला. नंतरच्या सगळ्या कंडरा या वाऱ्यात तुटल्या. वारा कमी पडतोय असा निष्कर्ष निघाला असून मोठ्या पंख्यांची मागणी गेली आहे.

म्हणजे जगात चांगली अशी कंडरा एकच होती, आणि ती इसोझाकींच्या डाव्या टाचेत बसवली गेली. शस्त्रक्रिया छान झाली. खरी भीती पुढेच होती, कारण इसोझाकी तिसऱ्या दिवशी प्लास्टरसकट कामावर हजर झाले. घरी बसून करू काय, म्हणाले. त्यांच्या पत्नीने मला फोन केला, "अहो, यांना परत पाठवा." मी विचारलं, कोणत्या कलमाखाली? त्यांनी फोन ठेवला.

डॉ. मिझोगुचींनी मग असं डोकं चालवलं की मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. त्या म्हणाल्या, कंडरा माझ्या विभागाची कर्मचारी आहे. तिची बदली झालेली नाही, ती लेखा विभागाच्या माणसात फक्त प्रतिनियुक्तीवर गेली आहे. तिची हजेरी मी ठरवणार, आणि मी तिला सक्तीच्या रजेवर पाठवते आहे. बाकीचे इसोझाकी येऊ शकतात. कायद्याने बघता हे बिनतोड होतं. तेव्हापासून इसोझाकींची टाच एका गादीच्या स्टुलावर, 'रजेवर' अशी पाटी लावून ठेवलेली असायची आणि उरलेले इसोझाकी शेजारी बसून बेरजा करायचे. येणारे-जाणारे आधी त्यांना आणि मग टाचेला वाकून नमस्कार करत. असूयेने बघणारेही होते. अमुक एक अवयव रजेवर ठेवता येईल का, अशा चौकशा माझ्याकडे आल्या. बहुतेकांची मागणी मानेसाठी होती.

आणि खरं सांगतो, टाच भरली. प्लास्टर निघालं, ते चालू लागले, मग जिन्यावरून चढू लागले. शरद ऋतू आला तेव्हा बाईंनी त्यांना धावायची परवानगी दिली, पण बजावून दिली.

"एकदा धावायचं, सरळ. फितीला छाती लावायची आणि लगेच खाली बसायचं. कळलं? धावून झाल्यावर उभं राहायचं नाही. जागच्या जागी उड्या तर अजिबात नाही. या कंडरेला अजून सारखा ताण सोसणार नाही, आणि दुसरी माझ्याकडे नाही."

"बसेन," इसोझाकी म्हणाले. "कोझुएला वचन दिलंय."

क्रीडादिनाचं आकाश असं निळं होतं की त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्या तंबूत संचालक पहिल्या खुर्चीत, मग हुद्द्याप्रमाणे आम्ही. मैदानभर आयांनी सतरंज्या अंथरल्या होत्या. कोझुए आता सहावीत, लाल टोपी घालून शेवटच्या रेषेवर फितीचं एक टोक धरून उभी. दुसरं टोक तिच्या वर्गातल्या एका लठ्ठशा मुलीकडे. वडिलांची शर्यत सुरू करायला शिट्टी वाजवण्याचा मान माझा होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या गावात दुसरी नोकरी नाही. त्यामुळे रेषेवर उभे असलेले सगळे वडील संस्थेचेच होते, आणि त्यात उपसंचालक हातानोही होते. त्यांना उशिरा मूल झालं, ते दुसरीत आहे.

शिट्टी वाजली आणि काय सांगू महाराजा, इसोझाकी सुटले. कित्येक आठवडे रजेवर असलेली टाच ती, तिला काय ठाऊक ऑफिस कशाशी खातात. ते पाय उचलत होते की पाय त्यांना उचलत होते कळेना. पाच-सात जणांना मागे टाकून ते पुढे आले. तंबूत डॉ. मिझोगुची उठून उभ्या राहिल्या. संचालक बसलेले असताना. मला माझ्या हातातली शिट्टी चावल्याची आठवण आहे.

मग फितीच्या हातभर अलीकडे इसोझाकींनी मागे वळून पाहिलं. हातानोसाहेब सर्वात शेवटी, अर्ध्या मैदानात, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत येत होते.

इसोझाकी थांबले. मागून येणारेही येतील तसे थांबत गेले. फितीच्या अलीकडे संस्थेचा सगळा धावता पुरुषवर्ग एका रांगेत उभा राहिला. उभं राहिलो तर काम टाळतोय असं दिसेल, म्हणून सगळे जागच्या जागी धावू लागले. हातानो पोचले तर समोर हे दृश्य. एवढी माणसं खोळंबली असताना आपण पुढे घुसायचं, हे त्यांच्यासारख्या सभ्य माणसाला जमणार कसं? तेही रांगेच्या टोकाला उभे राहून जागच्या जागी धावू लागले.

"साहेब, आपण व्हा पुढे."

"छे छे, आधी तुम्ही."

"असं कसं, साहेब."

"इसोझाकी, दुखणाईत माणूस तू, तू हो बघू."

"आपल्याआधी? नाही हो, साहेब. असं काही बोलू नका."

इतक्या उच्च दर्जाची शर्यत मी पाहिलेली नाही. बँडवाल्या मुलांनी तीच चाल पुन्हा पहिल्यापासून वाजवली. धूळ उडत होती. पण इसोझाकींचा चेहरा पांढरा पडत चालला होता. डावी टाच खाली टेकली की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे. बाई तंबूतून ओरडल्या, "बसा. खाली बसा, इसोझाकी." त्यांनी ऐकलं, बाईंकडे पाहून मान लववली आणि धावत राहिले. साहेब उभे होते ना.

माझ्या हातात शिट्टी होती. शर्यत थांबवण्याची शिट्टी संचालकांच्या इशाऱ्याशिवाय वाजवता येते का, याचा मी विचार करत होतो, आणि संचालक समोर बघत होते.

तेव्हा कोझुएने दुसऱ्या मुलीला काहीतरी सांगितलं. दोघी फीत ताणून धरून चालत पुढे आल्या. घाईने नाही, वाढायला आल्यासारख्या. कोझुएने फीत वडिलांच्या छातीला लावली, पाठीमागून गुंडाळली आणि गाठ मारली.

"झाली तुझी शर्यत," ती म्हणाली. "आता बस."

"अगं, साहेब..."

"बाबा, हात दुखले माझे."

इसोझाकींनी हातानोंकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. आणि बसले. मैदानाच्या मधोमध, सगळे उभे असताना, मांडी घालून बसले. काहीही झालं नाही. आभाळ पडलं नाही. हातानोसाहेब धावायचे थांबले, "हुश्श," म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी धपकन बसले. मग सगळी रांग बसली. तंबूत संचालकांनी बूट काढले. "बरं झालं बुवा," ते म्हणाले. "मला केव्हाची भूक लागली होती, पण तुमच्यापैकी कुणी जेवायला उठेना." इसोझाकींच्या टाचेवर डॉ. मिझोगुचींनी बर्फ धरला. कंडरा शाबूत होती. त्यांनी तिथेच फितीसकट डबा खाल्ला, भाताचे गोळे आणि गोड अंड्याची गुंडाळी. कोझुएने स्वतःचीही गुंडाळी त्यांना दिली. ते खात होते आणि रडत होते आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं.

या घटनेचा संस्थेने सखोल अभ्यास केला. कंडरा टिकण्याचं कारण फीत, असा निष्कर्ष निघाला. आता प्रत्येक विभागाच्या दारात रोज साडेपाचला एक फीत बांधली जाते. तिला छाती लावून घरी जायचं अशी कल्पना आहे. संचालकांनी अजून लावलेली नाही, म्हणून आम्ही सगळे फितीच्या हातभर अलीकडे थांबलेलो असतो. फक्त इसोझाकी तिच्याखालून वाकून निघून जातात. टाच ऐकत नाही, म्हणतात.

तुम्ही हसलात ते योग्यच आहे. अशी विचित्र माणसं असतात खरी. तुमचं तसं नाही. तुमचं आजचं काम मघाशीच संपलं होतं, ही गोष्टही आता संपली, तरी तुम्ही अजून खुर्चीतच आहात ते केवळ साहेबांच्या केबिनमध्ये दिवा दिसतोय म्हणून. साहेबांना विचारलंत तर ते सांगतील की बाहेर तुम्ही दिसताय म्हणून ते थांबलेत. थांबा, थांबा, घाई काही नाही. घरी जे कुणी फीत धरून उभं आहे त्याचे हात दुखत असतील, इतकंच.